माझ्या टेबलाला हात लावायचा नाही

आमच्या ह्यांना घरात सगळे कारागीर म्हणतात. सगळे म्हणजे मी आणि सासूबाई. आम्ही दोघी सोडल्या तर घरात आहे कोण? मी जरा टोचून म्हणते, सासूबाई कौतुकानं म्हणतात. कारागिरांना दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून घर चाललंय.

बॅगांच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. काम कातडं कापायचं. समोर अख्खं कातडं पसरलं की हे म्हणे नुसते बघत उभे राहायचे. कुठे किडा चावलाय, कुठे जनावर काट्याकुट्यात घुसलं होतं, पोटाकडचा भाग कुठे सैल आहे, सगळं ओळखायचे आणि मग असं कापायचे की उरलेल्या तुकड्यांत चिल्लर ठेवायचं पाकीटसुद्धा निघू नये. हे मी ऐकलंय हं, बघितलेलं नाही. बायकोला कोण कारखाना दाखवतो? आणि एवढ्या बॅगा कापणाऱ्याच्या बायकोच्या खांद्यावर काय, तर कापडी पिशवी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे राहायलाच होता.

मग कारखान्यात यंत्र आलं. कातडं ठेवायचं, वर साचा ठेवायचा, बटण दाबायचं. धप्प. झालं! ह्यांना त्या बटणावर बसवलं. पगार तोच, काम हलकं, लोक म्हणाले नशीब काढलं. पण संध्याकाळी घरी आले की हे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत आणि तो न्यायला येणार आहे, असे ठेवलेले असायचे. मला ते अजिबात बघवायचं नाही. मी मुद्दाम भांडण काढायची. निदान भांडताना तरी हात हलतात माणसाचे.

निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले ते काखेत भली मोठी गुंडाळी घेऊन. मला वाटलं सतरंजी. उलगडली तर कातडं! कोरं, रंग न दिलेलं, नुकत्या भाजलेल्या पावासारखं. वासही छान. आजवर कारखान्यात रंगवलेलं, तयार कातडंच हाताखालून गेलं. हे झाडाच्या सालीत मुरवलेलं, असलं एकदा तरी आपलं स्वतःचं कापायचं अशी त्यांची जन्माची हौस.

"आता घरीच काम करणार," ते म्हणाले. "मागची खोली माझी. पहिली बॅग तुझी."

मी काही बोलणार तोच पुढे म्हणाले, "जमलं तर जमलं. नाही जमलं तर हत्यारं देऊन टाकीन आणि बसेन गप्प."

ते गप्प बसणं मला माहीत होतं. बॅग नसती मिळाली तरी चाललं असतं हो, पण ते हात परत मांडीवर आलेले मला नको होते. म्हणून मागच्या खोलीतले माझे वाळत घातलेले कपडे मी निमूटपणे गच्चीत हलवले. निमूटपणे म्हणजे माझ्या मानानं.

कातडं काठीवर टांगलं. हत्यारं मांडली. आता कापायचं, असं मला वाटलं. छे!

"कातड्याच्या कामात," कारागीर म्हणाले, "सगळा खेळ पृष्ठभागाचा असतो."

हा शब्द मी शाळा सुटल्यावर पहिल्यांदा ऐकला. तेव्हा तो पृथ्वीचा असायचा. आता आमच्या घरात जे जे सपाट होतं त्या सगळ्याचा झाला. कारागीर लाकडी हातोडी घेऊन घरभर हिंडायला लागले. ओट्यावर ठक. कपाटाच्या दारावर ठक. खिडकीच्या कठड्यावर ठक. कान लावून ऐकायचे आणि मान हलवायचे. सासूबाई झोपल्या होत्या त्या पलंगाच्या फळीवर ठक केलं, तर त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "अरे, अजून आहे मी."

पहिली जमीन. खोलीत जुना गालिचा होता. सुई पडली की गालिचा ती गिळायचा, ती परत सापडायची सासूबाईंच्या टाचेला. गालिचा गेला. मग नुसती फरशी; तिच्यावर सुरी पडली आणि पात्याचं टोक मोडलं. कारागिरांचा चेहरा असा झाला की मीच वाटीभर साखर सांडली असती तरी इतकं वाईट वाटून घेतलं नसतं. शेवटी पुसता येईल असं जाड लिनोलियम आलं, फिक्या रंगाचं, म्हणजे काळी सुई दिसते. हे मलाही पटलं. पटलं तसं मी बोलून दाखवलं नाही.

मग दगड. कातड्यावर नक्षी ठोकायची तर खाली काही दबलं नाही पाहिजे म्हणे. फरशीवाल्याकडून ग्रॅनाइटचा तुकडा आला. कुणाच्या तरी ओट्यात सिंक बसवायला भोक पाडलं, त्या भोकाचा हा तुकडा. लोक ओटा विकत घेतात, आम्ही भोक घेतलं. तो दोघांनी जिन्यानं वर आणला आणि त्यावर पहिली हातोडी पडली मात्र, खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी छताला काठी ठोकली. आमची ठक, त्यांची ठक. हे पण हट्टी. शेवटी दगडाखाली रबराचा जाड तुकडा घातला तेव्हा आवाज मवाळ झाला. मास्तरांची काठी मात्र थांबली नाही. त्यांना नाद लागला असावा.

गोंद लावायला काच आणली, कारण वाळलेला गोंद काचेवरून पात्यानं साल निघाल्यासारखा निघतो. ती काच माझ्या कपाटातली फळी होती. त्या फळीवरचे कप अजून खिडकीत आहेत.

राहिला कापायचा पृष्ठभाग. तिथे घोडं अडलं. प्लायवूड आणलं, तर सुरी त्याच्या रेषेनंच जायला लागली. जाड पुठ्ठा आणला, त्याचा भुगा व्हायला लागला. प्लास्टिकचा तक्ता आणला, तो एका कोपऱ्यात फुगीर निघाला. एवढा एवढासा फुगा! मी तर बोट फिरवून फिरवून दमले, मला काही तो सापडला नाही.

"आहे," कारागीर म्हणाले.

माझी भाजी चिरायची फळी गेली ती परत येईना. मी वर्तमानपत्रावर कांदे चिरत होते. आणि एक दिवस बघते तर हे स्वयंपाकघरात येऊन माझ्या टेबलासमोर उभे. तेच बघणं. कातड्याकडे बघायचे म्हणे तसं.

आता ह्या टेबलाबद्दल सांगायला हवं. मी लग्नाआधी टेलिफोन खात्यात होते. त्या पगारातून मी हे टेबल घेतलं. सुतार म्हणाला होता, एका झाडाच्या एका फळीचं आहे, तुमच्या नातवंडांना पुरेल. दोन बोटं जाड, कुठे जोड नाही, कितीही वजन टाका, हुं की चूं करत नाही. ह्या घरात सगळं ह्यांचं नाहीतर सासूबाईंचं. माझं म्हणावं ते हे टेबल. त्यावर गरम भांडं ठेवलं तर मी सासूबाईंनासुद्धा सोडत नाही.

ह्यांनी हातोडी उचलली.

"माझ्या टेबलाला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"नुसतं वाजवून बघतो."

"वाजवायचंही नाही. बघायचंही नाही. उद्या म्हणाल माझ्या पाठीवर कापतो, ती सपाट आहे."

"तुझी पाठ सपाट नाही," कारागीर अगदी गंभीरपणे म्हणाले. ते कामाच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत.

दिवस जात होते. कातडं काठीवर तसंच. रोज सकाळी त्याच्यावरची धूळ मऊ फडक्यानं पुसायची, दोन्ही बाजू बघायच्या आणि नवीन पृष्ठभागाच्या शोधात बाहेर पडायचं. मी कातड्याला बोट लावलं तर ओरडायचे, "तेलाचा हात!" मी म्हटलं ठेवा पूजेला. एका संध्याकाळी जेवताना परत सुरू झालं, की जमीन तिरकी आहे, त्यामुळे काहीही आणलं तरी तिरकंच बसणार. सासूबाई शांतपणे घास चावत होत्या. गिळून झाल्यावर म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी हसले. आणि ह्यांच्याकडे बघितलं, तर हे हसत नव्हते. रागावलेही नव्हते. हात ताटावरून उचलून मांडीवर ठेवले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई! हा माणूस घाबरलाय. कापड चुकलं तर उसवता येतं. कातड्यावर टाचणीचं भोक पडलं तरी जन्माचं. आणि इतकी वर्षं बटण दाबलेला हात कापायला विसरला असेल तर? जोवर पृष्ठभाग मिळत नाही तोवर कापायचं नाही, आणि जोवर कापत नाही तोवर हात विसरलाय हे कुणाला कळत नाही. स्वतःलासुद्धा. मी मेली बोलत बसले पूजेला ठेवा म्हणून. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून मी सासूबाईंच्या पुढ्यातली वाटी उगाचच आपटली.

दुसऱ्या दिवशी हे भंगारवाल्याकडून लोखंडी पत्रा घेऊन आले. कुठल्याशा विजेच्या पेटीचं दार म्हणे. रंग घासून काढलेला, चकाचक, आणि सपाट म्हणजे पाण्यासारखा. कापायला नाही, पण कातडं ओलं करून दाबून ठेवायला असा पृष्ठभाग नाही, असं त्यांचं म्हणणं. गुंडाळीमुळे कातड्याला आलेला बाक आधी काढायचा, मग कापायचं.

"नक्की?" मी म्हटलं.

"नक्की."

कातडं ओलं केलं, पत्र्यावर पसरलं, वर फळ्या, त्यावर ओट्याचं भोक, त्यावर सासूबाईंचे जाडजूड ग्रंथ. संध्याकाळभर कारागीर खुशीत होते. मास्तरांच्या काठीला हातोडीनं उत्तरसुद्धा दिलं.

सकाळी वजनं उतरवली आणि बघते तर काय! पाव करपला होता! कातड्याचा मधला भला मोठा भाग काळानिळा पडलेला. सालीत मुरवलेलं ओलं कातडं आणि उघडं लोखंड ह्यांचं जमत नाही, दोघं मिळून शाई करतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. कारखान्यातल्या रंगवलेल्या कातड्यानं असला रंग कधी दाखवलाच नव्हता. काळ्यात मधोमध काही फिकं राहिलं होतं. वर एक आडवी रेघ आणि तिला लोंबणारी वेटोळी.

"दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

हे स्टुलावर बसले. मग उठून खाली गेले आणि परत आले ते सांगायला, की भंगारवाला दुपारी येतोय. हत्यारं, दगड, पत्रा, सगळं नेईल. कातडंही.

"बरं झालं," ते म्हणाले. "कळलं एकदाचं."

"काय कळलं?"

"गप्प बसावं माणसानं."

आणि बसले की हो! पुढच्या खोलीत, खुर्चीत, हात मांडीवर.

मी स्वयंपाकघरात गेले. माझ्या टेबलावरची फळांची परडी उचलली, फ्रिजवर ठेवली. मीठदाणी उचलली. कोरड्या फडक्यानं टेबल पुसलं. मग मागच्या खोलीतून ते कातडं ओढत आणलं आणि टेबलावर धाडकन पसरलं. हत्यारांतली अर्धचंद्रासारखी सुरी घेतली, मुठीत घट्ट धरली, कांदा चिरताना धरतात तशी, आणि ओरडले, "अहो, येताय की मी कापू?"

पुढच्या खोलीतली खुर्ची करकरलीसुद्धा नाही.

"मी कापतेय!"

आणि मी खरंच कापलं. कडेला सुरी रुतवली आणि दात-ओठ खाऊन ओढली. कातडं कुरकुरलं, सुरी सरकली, भलतीकडेच गेली, आणि कातड्याखालच्या माझ्या टेबलावर एक चरा उमटला. कळवळलेच मी! तोंडातून जो शब्द निघाला तो इथे सांगण्यासारखा नाही. सासूबाईंनी ऐकला.

पण ह्यांनी काय ऐकलं असेल? ते कातड्याचं कुरकुरणं. दारात येऊन उभे. मी दुसऱ्यांदा सुरी रुतवली.

"अगं, अगं, अगं! अशी धरतात का सुरी? आण इकडे! कातड्याचा कणा कुठेय, कापतेयस कुठे! सरक!"

मी सरकले. त्यांनी सुरी घेतली. घेतली म्हणजे काय, ती त्यांच्या हातात जाऊन बसलीच. माझ्या वेड्यावाकड्या कापापाशी त्यांनी अंगठा ठेवला, क्षणभर काळ्या डागाकडे बघितलं, आणि ओढली. आवाज नाही, कुरकुर नाही. लांबच लांब एक काप, सरळ, आणि शेवटाला असा वळला की मी श्वास धरून बसले. मग दुसरा. मग तिसरा. टेबल तिरकं आहे का, फुगीर आहे का, काही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना कापताना पहिल्यांदा बघत होते. मला रडू यायला लागलं, म्हणून मी म्हटलं, "माझं टेबल खराब करताय."

"ह्या टेबलासारखा पृष्ठभाग नाही," ते वर न बघता म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. तू वाजवू दिलं नाहीस."

भंगारवाला दुपारी आला. सासूबाईंनी त्याला दारातूनच परत लावला. "आमच्याकडे सध्या कुणी निवृत्त नाही," असं काहीतरी त्याला सांगितलं म्हणे.

टेबल मागच्या खोलीत गेलं. आम्ही आता ओट्याशी उभं राहून जेवतो. सासूबाईंना प्लायवूडचं टेबल करून दिलंय, ते तिरकं आहे, वाटी घसरते.

माझी बॅग तयार झाली ती बघायला शेजारपाजार लोटला. जाड दोऱ्याची शिवण, कडा घासून गुळगुळीत, आणि झाकणावर मधोमध ते काळं, त्यात ते वाळत घातलेले कपडे. ह्यांना तो भाग टाकून द्यायचा होता. मी म्हटलं, नाही, मला तोच हवा. एवढी शाई घरात फुकट झाली, दिसू दे. माझा वेडावाकडा काप होता तो तुकडा त्यांनी आत खिशाला लावला, वाकडाच ठेवून. बाहेरच्यांना दिसत नाही.

पहिल्यांदा बॅग खांद्याला लावून मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मला लागला. आरशात बघितलं, आणि बघतच राहिले. वाळत घातलेले कपडे सुलटे झाले होते. अक्षरं होती ती! विजेच्या पेटीच्या दारावरची. रंग घासून काढला तरी पाटी लोखंडात मुरून राहिली होती, तेवढ्या जागी शाई धरली नव्हती, आणि कातड्यावर ती उलटी उठली होती. आरशात स्वच्छ वाचता येत होती.

हात लावू नये.

"अहो!" मी हाक मारली. "अहो, इकडे या! पळत या!"

हे आले, हातात सुई-दोरा तसाच. मी बोटानं आरसा दाखवला. त्यांनी एकदा वाचलं. परत वाचलं. माझ्याकडे बघितलं, कातड्याकडे बघितलं.

"तरीच!" ते म्हणाले.

आणि हसायला लागले. इतके हसले की कपाटाला धरून खाली बसले. कारखान्यात यंत्र आल्यापासून ह्या माणसाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मीही बसले शेजारी. सासूबाई काय झालं, काय झालं विचारत आल्या, त्यांना सांगायला आमच्या तोंडून शब्द फुटेना.

मग डोळे पुसत हे उठले आणि मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं हातोडीचा आवाज सुरू झाला. खालून मास्तरांनी काठी ठोकली. मी बॅग घेतली आणि भाजी आणायला बाहेर पडले.